चांदोरीकर हिंगण्यांचें दप्तर व दिल्लीची वकिली

पेशव्यांच्या उत्तरेकडील राजकारणाचा मागोवा घेणारास नाशिक प्रांताचीं तीन नांवें वारंवार भेटतात. मालेगांवचा किल्ला बांधणारे नारोशंकर राजेबहादर हे झांशीचे सुभेदार होते, व इ. स. १७६० च्या पावसाळ्यांत भाऊसाहेबांनीं दिल्ली घेतल्यावर तेथील बंदोबस्त त्यांजकडेच सोंपविण्यांत आला. विंचूरचे विठ्ठल शिवदेव यांची तरवार उत्तरेंत अनेक वेळां चालली. या दोघांचीं नांवें आमच्या गांवांत अजून लोकांच्या तोंडीं आहेत; गोदाकांठचें नारोशंकराचें देऊळ व त्याची घंटा ज्यास माहीत नाहीं असा नाशिककर विरळा. तिसरें नांव हिंगण्यांचें. त्यांनीं किल्ला बांधला नाहीं, मोठी लढाई मारली नाहीं. त्यांनीं पत्रें लिहिलीं व आलेलीं पत्रें जपून ठेविलीं. निफाड तालुक्यांत गोदावरीच्या कांठीं, सायखेड्यासमोर, चांदोरी गांव आहे. तेथील हें घराणें. शाळेंत अठराव्या शतकाचा इतिहास शिकवितांना मी वर्षानुवर्षें दिल्ली, पानिपत, अबदाली हे शब्द फळ्यावर लिहीत आलों. पण त्या दिल्लीची खबर ज्या घरानें पुण्यास पोंचविली तें घर आपल्या गांवापासून एका सकाळच्या अंतरावर आहे, हें विद्यार्थ्यांस सांगावयाचें मला फार उशिरां सुचलें. प्रस्तुत लेख ही त्या चुकीची अल्पशी भरपाई आहे.

महादेवभट हिंगणे हे नाशिक क्षेत्रीं पेशव्यांचे क्षेत्रोपाध्ये. इ. स. १७१९ मध्यें बाळाजी विश्वनाथ सय्यद हुसेनअल्लीबरोबर दिल्लीस गेले व त्याच वर्षाच्या मार्च महिन्यांत चौथाई आणि सरदेशमुखी यांच्या बादशाही सनदा हातीं पडल्या. सनद हातीं पडणें आणि सनदेप्रमाणें अंमल बसणें यांत केवढें अंतर असतें, हें सरकारी कचेरींत एकदां तरी पायरी चढलेल्या माणसास सांगावयास नको. तेथें कोणी आपलें माणूस राहिलें पाहिजे, दररोज दरबारचें वारें पाहिलें पाहिजे, कोणता वजीर चढला, कोणता पडला, कोणाची मुद्रा आज चालते हें कळविलें पाहिजे. या कामीं महादेवभटांची योजना झाली. पुढें त्यांचे पुत्र बापूजी, दामोदर, पुरुषोत्तम व देवराव, आणि नंतर पुरुषोत्तमरावांचे चिरंजीव गोविंदराव, अशा तीन पिढ्या या घराण्यानें दिल्लीची वकिली केली.

उपाध्यायास वकील कां केलें, हा प्रश्न मला नेहमीं पडतो. दिल्लीदरबारचा व्यवहार फारशींत, तेथील रीतिरिवाज मोंगली. स्नानसंध्येंत वाढलेल्या वैदिक ब्राह्मणास तेथें पाठविण्याचें प्रयोजन काय? विश्वासाचें माणूस हें एक उत्तर आहेच. पण मला दुसरेंही एक दिसतें. तीर्थोपाध्यायाचा सगळा धंदा वहीवर चालतो. यजमान आला कीं त्याच्या आजा-पणज्याचें नांव वहींतून काढून दाखवावयाचें, त्याजकडून नवीन लेख लिहून घ्यावयाचा, व ती वही पुढच्या पिढीच्या हवालीं करावयाची. कागद हें द्रव्य आहे, तो आज निरुपयोगी दिसला तरी साठ वर्षांनीं उपयोगी पडेल, ही बुद्धि त्या घरांत उपजतच असते. शिवाय हिंदुस्थानांतील मोठमोठ्या कुळांशीं क्षेत्राच्या निमित्तानें ओळख असते ती वेगळीच. हिंगण्यांचें दप्तर टिकलें याचें एक कारण ते वकील होते हें असेल. परंतु माझ्या मतें त्याहून मोठें कारण ते उपाध्ये होते हें आहे. हा तर्क आहे, पुरावा नव्हे. वाचकांनीं तो तेवढ्याच भावानें घ्यावा.

वकिलाचें काम म्हणजे निव्वळ बातमी लिहिणें नव्हे. सनदा व फर्मानें मिळविणें, नजर-नजराणे पोंचविणें, हुंड्या वटविणें, सरदारांच्या फौजा आल्या म्हणजे त्यांच्या नि दरबाराच्या मध्यें उभें राहणें, हें सारें त्यांत येई. काशी, प्रयाग, गया, मथुरा हीं क्षेत्रें आपल्या ताब्यांत यावीं ही पेशव्यांची जुनी इच्छा. तिचें ओझें उपाध्यायाच्या घराण्यावर जरा अधिकच पडलें असल्यास नवल नाहीं. आणि या सगळ्यास पैसा लागे. पुण्याहून पैसा वेळेवर येत नसे, म्हणून वकिलानें दिल्लींतील सावकाराकडून कर्ज काढावयाचें, आणि मग त्या कर्जाचा बोभाटा पुण्यास लिहावयाचा, हा क्रम त्या काळच्या कोणत्याही वकिलाच्या पत्रव्यवहारांत दिसतो. दरबारांत थाट राखला नाहीं तर कोणी विचारीत नाहीं. राखला तर पुण्यांत लोक म्हणतात, भटजींनीं पैसा केला.

आतां मुद्द्याची गोष्ट. हें दप्तर छापून केव्हां आलें व त्यापूर्वीं काय उपलब्ध होतें, हें पाहिल्यावांचून त्याची किंमत कळत नाहीं. राजवाड्यांनीं साधनांचा पहिला खंड इ. स. १८९८ त काढला. त्यांत पानिपतपर्यंतच्या दहाबारा वर्षांचा पत्रव्यवहार आहे. रावबहादुर पारसनीस यांनीं ‘दिल्ली येथील मराठ्यांचीं राजकारणें’ हा संग्रह १९१३-१४ च्या सुमारास दोन भागांत प्रसिद्ध केला. मेणवलीस असलेलें नाना फडणिसांचें दप्तर पारसनिसांच्या हातीं आलें होतें. त्यांच्या सातारच्या संग्रहांतून तें पुढें पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत गेलें. नंतर १९३० ते १९३४ या काळांत रियासतकार सरदेसाई यांनीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड छापून काढले. त्यांत दिल्लीसंबंधीं विपुल मजकूर आहे. आणि या सर्वांच्या मागून, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळानें ‘हिंगणे दप्तर’ काढलें, ग. ह. खरे यांनीं संपादिलेला पहिला खंड १९४५ त, दुसरा १९४७ त.

म्हणजे हिंगण्यांविषयीं इतिहासकारांचें मत बनलें तें हिंगण्यांचें घर उघडण्यापूर्वीं. ही गोष्ट कोणी मुद्दाम केली नाहीं. ती कागदाच्या स्वभावांतच आहे. पत्र लिहिणाराच्या घरीं राहत नाहीं. तें ज्यास लिहिलें त्याच्या घरीं राहतें. हिंगणे काय म्हणाले तें पाहावयाचें असेल तर पुण्यास व मेणवलीच्या कागदांकडे जावें लागतें. आणि पेशवे हिंगण्यांस काय म्हणाले तें पाहावयाचें असेल तर चांदोरीस. एका संभाषणाचे दोन तुकडे दोन गांवीं पडले आहेत. वकिलाची मागणी एका पुस्तकांत छापलेली, तिचें उत्तर दुसऱ्यांत. आणि दोहोंच्या छपाईमध्यें कोठें दहा तर कोठें तीस वर्षांचें अंतर. अशा स्थितींत वाचणारानें अर्धेंच ऐकून निकाल दिला तर त्यास सर्वस्वीं दोष देतां येत नाहीं. तथापि निकाल अर्धवट राहतो तो राहतोच.

उदाहरणार्थ अंताजी माणकेश्वर व हिंगणे यांचा कलह घ्यावा. इ. स. १७५२ च्या अहदनाम्यानें बादशाहीच्या संरक्षणाची जबाबदारी मराठ्यांनीं पत्करली. त्यानंतर दिल्लींत अंताजी फौजेनिशीं राहिले, बापूजी व दामोदर हिंगणे वकिलीवर राहिले. एकाच शहरीं एकाच धन्याचे दोन चाकर, एक तरवारीचा व एक लेखणीचा. दोघांचें कधींच पटलें नाहीं. दोघेही पुण्यास एकमेकांविरुद्ध लिहीत, दोघांवरही पैशाच्या गैरव्यवहाराचे आक्षेप आले. पुण्याच्या दप्तरांत हीं भांडणें आपणांस दिसतात तीं फिर्यादीच्या रूपानें, कारण पुणें हें फिर्याद ऐकण्याचें ठिकाण होतें. जे कागद पुण्यास आले ते तक्रार करणाराचे. ज्याचें काम सुरळीत चाललें त्यास तक्रारीचें पत्र लिहिण्याचें कारणच पडत नाहीं. यामुळें नुसतें पेशवे दप्तर वाचणारास दिल्लीचे मराठी अधिकारी म्हणजे एकजात भांडखोर व लोभी मंडळी, असा ग्रह होतो. माझाही तसाच झाला होता. कित्येक वर्षें मी वर्गांत हेंच सांगितलें आहे.

हिंगणे दप्तर हातीं घेतल्यावर तो ग्रह साफ उलटतो असें मात्र मला म्हणावयाचें नाहीं. उलटत नाहीं. परंतु वकिलाकडून एकाच वेळीं किती परस्परविरुद्ध अपेक्षा केल्या जात, हें घरीं आलेल्या आज्ञापत्रांवरून कळूं लागतें. दरबार राजी राखा, पण सरदारांच्या मर्जीविरुद्ध जाऊं नका. खर्च करूं नका, पण काम झालेंच पाहिजे. शिंदे-होळकरांशीं एकविचारानें वागा, पण त्यांची हकीकत आम्हांस वेगळी लिहा. नानासाहेबांच्या वेळीं शिंदे व होळकर, नाना फडणिसांच्या वेळीं महादजी. १७८४ च्या अखेरीस महादजी शिंद्यांस बादशहानें वकील-इ-मुतलकीचें पद दिलें, तेव्हां दिल्लींत पुण्याचा वेगळा वकील असण्याचें प्रयोजनच महादजींच्या दृष्टीनें उरलें नाहीं. गोविंदराव हिंगण्यांची अडचण त्या वेळीं काय झाली असेल याची कल्पना करावी. धनी पुण्यास, सत्ता मथुरेच्या छावणींत, आणि बादशहा लाल किल्ल्यांत. तिघांसही वकील आपलाच वाटला पाहिजे, व तिघांपैकीं कोणाचाही पूर्ण विश्वास बसावयाचा नाहीं.

तथापि घरगुती दप्तर म्हणजे सत्याची खाण, असा जो एक भोळा समज आमच्या संशोधकवर्गांत आहे, त्यास मी संमति देऊं शकत नाहीं. घर कागद ठेवतें तें आपल्या उपयोगासाठीं. इनामाची सनद राहते, कौतुकाचें पत्र राहतें, कर्ज फिटल्याची पावती तर हमखास राहते. ठपक्याचें पत्र घरांत कितपत राहील? भाऊबंदांच्या वांटणींत कोणत्या पेटींतील कागद कोणाकडे गेले, कोणत्या सुनेनें कोणतें बासन माहेरच्या वाटेनें काढून दिलें, हें कोणास ठाऊक? पुण्याचें दप्तर फिर्यादीकडे झुकलेलें, चांदोरीचें दप्तर समर्थनाकडे झुकलेलें. दोन झुकलेल्या भिंती एकमेकींस टेकून उभ्या राहाव्या त्याप्रमाणें हे दोन पुरावे एकमेकांस आधार देतात. एक काढून घेतली तर दुसरी पडते.

हें केवळ आमच्याकडेच घडलें असें नाहीं. ज्या काळांत गोविंदराव दिल्लीहून पत्रें पाठवीत होते, त्याच सुमारास अमेरिकेंत नव्या संस्थानांच्या पश्चिम सरहद्दीवर विल्यम ब्लौंट नांवाचा एक मुत्सद्दी होता. १७९० त तो ओहायो नदीच्या दक्षिणेकडील मुलुखाचा गव्हर्नर झाला. तोच प्रांत पुढें टेनेसी. राजकारण, जमिनीची खरेदी व सावकारी या तिन्ही गोष्टी त्यानें एकाच वेळीं चालविल्या. १७९७ च्या एप्रिलांत त्यानें इंग्रजांच्या मदतीनें स्पेनचा मुलूख हस्तगत करण्याच्या मसलतीबद्दल एका दुभाष्यास पत्र लिहिलें. तें भलत्याच हातीं पडलें, आणि त्याच जुलईंत सेनेटांतून त्याची हकालपट्टी झाली. एका पत्रानें मनुष्य बुडाला. आणि त्या घराण्याचीं हजारों दुसरीं पत्रें त्याचा भाऊ जॉन ग्रे ब्लौंट याच्या व्यापारी पेढीच्या कागदांत राहिलीं, तीं छापून येऊं लागलीं १९५२ पासून, म्हणजे दीडशें वर्षांनीं! त्या देशांतही लायमन ड्रेपर नांवाचा एक गृहस्थ सरहद्दीवरील जुन्या घराण्यांच्या दारोदार हिंडून कागद जमवीत असे. विस्कॉन्सिन संस्थानच्या इतिहासमंडळाचा तो चिटणीस होता व १८९१ त वारला. त्याच्या संग्रहाचे खंड पांचशेंच्या आंतबाहेर आहेत. कागद पाहावयास म्हणून नेले व परत केले नाहींत, अशी तक्रार त्याच्याविरुद्धही वारसांनीं केली. राजवाड्यांच्या पायपिटीची हकीकत ज्यांनीं ऐकली आहे त्यांस हें वाचून आपलेपणा वाटेल. वारसांच्या तक्रारीही आपल्याकडील लोकांस अपरिचित नाहींत.

दोन ठिकाणचीं पत्रें जुळवावयाचीं म्हणजे पहिली अडचण तारखेची. मराठी पत्रांत बहुधा चंद्र व महिना असतो, वर्ष असतेंच असें नाहीं. महिना मुसलमानी, म्हणजे चांद्र. आणि वर्ष दिलेंच तर तें सुहूर सनाचें, म्हणजे सौर, मृग नक्षत्रापासून सुरू होणारें. पानिपतचें वर्ष ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे एक, साठ, शंभर व हजार, मिळून ११६१. त्यांत मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ व पुढील मृगापर्यंत ६०० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. म्हणून पौष शुद्ध ८ शके १६८२ हा लढाईचा दिवस १४ जानेवारी १७६१ ठरतो. पण तेंच साल दिल्लीच्या फारशी कागदांत हिजरी ११७४ लिहिलेलें असतें. हा तेरा वर्षांचा फरक ज्याच्या ध्यानांत नसतो त्याच्या हातून बापाचें पत्र मुलाच्या कारकीर्दींत जातें. मी मोडकांची जंत्री व एक कोरी वही घेऊन बसतों. प्रथम पत्रांतील लग्नकार्य, ग्रहण, सिंहस्थ, पर्जन्य असा घरगुती मजकूर पाहतों. कारण राजकारणाची गोष्ट दोन वेगवेगळ्या वर्षीं सारखीच घडूं शकते, सिंहस्थ मात्र बारा वर्षांनींच येतो. छापणारे पुष्कळदां हाच मजकूर ‘बाकी किरकोळ’ म्हणून गाळतात, हें मोठें दुर्दैव आहे.

संस्कृतांत आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्यास या पत्रांच्या भाषेबद्दल दोन शब्द लिहिल्यावांचून राहवत नाहीं. ‘कृतानेक साष्टांग नमस्कार विनंति’ असा आरंभ पाणिनीस मान्य होईल असा, आणि दुसऱ्याच ओळींत अर्जदास्त, मुलाजमत, खिलत, सरफराजी! आरंभीं मला याचा राग येई. आतां वाटतें, वेदपठण करणाऱ्या घरांतल्या माणसानें परक्या दरबाराचा प्रत्येक शब्द नेमका उचलून जशाचा तसा आपल्या धन्यास पोंचविला, त्यांत स्वतःची भर घातली नाहीं. संस्कृत प्रतिशब्द शोधीत बसला असता तर पुण्यास खिलतीचें वस्त्र व नुसतें वस्त्र यांतील भेद कळला नसता. चांगल्या वकिलाची भाषा सोंवळ्यांत राहूं शकत नाहीं.

आणखी एक गोष्ट. पानिपतच्या संहाराची खबर नानासाहेबांस भेलशाजवळ २४ जानेवारीच्या सुमारास लागली, ती कोणा वकिलाच्या किंवा सरदाराच्या पत्रानें नव्हे. सावकाराचा जासूद पत्र घेऊन चालला होता, तें हातीं लागून. राज्याची सर्वांत मोठी बातमी खासगी पेढीच्या कागदांतून आली. तरीही आमच्या संग्रहांत सरदारांच्या दप्तरांस जें स्थान आहे तें सावकारांच्या वह्यांस नाहीं. नाशिक ही सावकारांची पेठ होती. त्या वाड्यांतील हुंडीच्या वह्या कोठें आहेत? एका वाड्याची आवराआवर चालली असतां मीं स्वतः पाहिलें आहे. मोडी लिहिलेल्या लांबट वह्या दोरीनें बांधून रद्दीच्या कांट्यावर चढविल्या होत्या. मीं विचारलें तेव्हां घरधनी सौजन्यानें म्हणाले, ‘गुरुजी, यांत देवाधर्माचें कांहीं नाहीं, नुसता हिशेब आहे. हवा तर न्या.’ दोन वह्या मीं आणिल्या. बाकीच्या आणावयास दुसऱ्या दिवशीं गेलों तों कांटा होऊन गेला होता.

चांदोरीचें दप्तर छापलें गेलें हें आपलें भाग्य. गोदावरी त्या गांवास सोडीत नाहीं. २०१६ च्या व २०१९ च्या ऑगस्टांत चांदोरी-सायखेडा भाग पाण्याखालीं गेला हें सर्वांनीं पाहिलें. त्या कांठावर आणखी कितीतरी जुनीं घरें आहेत, आणि पूर पेटी कोणाची हें विचारीत नाहीं. सरकारी दप्तरास निदान पक्की इमारत असते. घरच्या दप्तरास माळा असतो, आणि मोडी वाचणारें शेवटचें माणूस घरांतून गेलें कीं माळ्यावरच्या पेटीकडे पाहणारें कोणी उरत नाहीं.

मीं माझ्यापुरतें एक काम आरंभिलें आहे. पारसनिसांचे दोन भाग, पेशवे दप्तरांतील दिल्लीविषयक खंड व हिंगणे दप्तराचे दोन खंड समोर ठेवून, पत्र व त्याचें उत्तर एकापुढें एक येईल असा तक्ता करीत आहें. डावीकडे दिल्लीहून गेलेलें, उजवीकडे पुण्याहून आलेलें. पुष्कळ ठिकाणीं उजवी बाजू रिकामी आहे, कांहीं ठिकाणीं डावी. बापूजी व दामोदर यांच्या वेळचीं पानें बरीच भरलीं आहेत. पुरुषोत्तमरावांच्या वेळचीं विरळ आहेत. ज्यांच्याकडे हिंगण्यांशीं पत्रव्यवहार असलेल्या घराण्यांचे कागद, नकला किंवा नुसती याद असेल, त्यांनीं ती मंडळाकडे पाठविल्यास तो उतारा त्यांच्या नांवासह त्या त्या घरांत भरला जाईल; मूळ कागद मात्र त्यांनीं आपल्याजवळच ठेवावा.